घराला खेटून असलेलं मोठं झाड उतरवणं: दोर, कप्पी आणि खालची माणसं (नाशिक)

महात्मानगरकर
नमस्कार मंडळी. बंगल्याच्या पश्चिमेला पर्जन्यवृक्ष आहे. उंची साधारण १६ मीटर, छातीच्या उंचीला घेर २.४ मीटर, भिंतीपासून अंतर ४ मीटर. एक जाडजूड फांदी थेट गच्चीवर आली आहे, तिच्याखाली सोलर हीटर आणि पाण्याची टाकी. रस्त्याच्या अंगाला महावितरणची लघुदाब लाईन. बुंध्याशी भूछत्रं आली आहेत. महापालिकेची लेखी परवानगी हातात आहे, त्यामुळे झाड का काढता यावर कृपया चर्चा नको.
दोन जणांनी भाव दिले. पहिला म्हणतो, जेसीबी लावून अर्ध्या दिवसात आडवं करतो. दुसरा म्हणतो, पाच माणसं, दोन दिवस, दोरीने तुकडे उतरवू. दुसऱ्याचा भाव अडीचपट आहे. दोरीच्या कामात नेमकं काय बघायचं, काय विचारायचं?

कप्पीवाला
पहिल्याला आजच नाही म्हणून कळवा. १६ मीटरचं झाड, ४ मीटरवर घर आणि दुसऱ्या बाजूला तारा, म्हणजे आडवं पाडायला जागाच नाही. शिवाय जेसीबीचा बकेट पोचतो चार-पाच मीटरवर. खालून धक्का दिला की वरचा शेंडा उलट दिशेला झोका घेतो आणि वाळलेली फांदी तुटून मशीनच्या टपावर येते. मुळं उचकटताना कंपाउंडचा पाया आणि ड्रेनेजचं चेंबर सोबत वर येतं ते वेगळंच.

आता दोरीचं काम. आधी वजन. ओल्या लाकडाचं घनमीटरला १००० किलो धरा. पर्जन्यवृक्ष थोडा हलका भरेल, पण हिशोब जडच करायचा. सोपी रीत: व्यास सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले ०.०७८५, म्हणजे एक मीटर लांबीचे किलो. २० सेंमीची फांदी मीटरला ३१ किलो, ३० सेंमीची ७१, ४० सेंमीची १२६, ६० सेंमीचा ओंडका २८३. पानं आणि बारीक काड्यांसाठी वर निम्मं आणखी धरा. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला फांदीकडे बोट दाखवून "ही किती किलो?" एवढंच विचारा. बिनचूक आकडा नको, पण तो आकड्यात विचार करतो का ते कळेल.

दुसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कप्पीवरून भार टांगला की कप्पीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंच्या दोरांची ओढ येते. १०० किलो भार, तो धरायला पलीकडून १०० किलो, म्हणजे कप्पीवर २००. घर्षणामुळे थोडं कमी, पण दुप्पटच समजा. म्हणून कप्पी, शॅकल (जोडायची कडी) आणि स्लिंग (बांधायचा पट्टा) हे दोरापेक्षा नेहमी तगडे हवेत.

तिसरी, धक्का. बुंधा वरून खाली तोडत येताना कप्पी कापाच्या खाली असते, त्यामुळे तुकडा आधी पडतो आणि मग दोर ताणला जातो. १०० किलोचा तुकडा २ मीटर पडला आणि अर्ध्या मीटरात गपकन थांबवला, तर दोरावर सरासरी ५०० किलोची ओढ येते, क्षणिक त्याहून जास्त. कप्पीवर तिच्या दुप्पट, म्हणजे टनभर. तोच तुकडा २ मीटर पडल्यावर पुढे आणखी २ मीटर ढील देत थांबवला, तर सरासरी २०० किलो. झाड तेच, दोर तोच, तुकडा तोच. फरक फक्त खाली दोर धरणाऱ्या माणसाच्या हातात आहे. म्हणून मी दर ठरवताना आधी दोरवाला बघतो, चढणारा नंतर.

नीलपर्ण
कप्पीवाले साहेब, सगळं बरोबर, पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य तुम्ही ओलांडून गेलात. बुंध्याशी भूछत्रं. बुंधा कुजला असेल तर वर टनाचा धक्का द्यायचा कसा? @महात्मानगरकर, लाकडी हातोडीने बुंध्याभोवती ठोकून बघितलंत का? आणि छत्री कोणत्या बाजूला आहे, घराच्या की रस्त्याच्या?

महात्मानगरकर
ठोकलं. घराच्या बाजूला साधारण एक तृतीयांश घेर ढबढब वाजतो. छत्र्याही त्याच बाजूला. बाकी ठणठणीत वाजतं.

नीलपर्ण
मग सगळा बेत बदलतो. चढण्याआधी लांब, बारीक ड्रिल बिटाने तीन-चार ठिकाणी भोक पाडून घट्ट लाकूड किती जाड उरलंय ते मोजून घ्या. भुसा ताजा आणि टणक आला तर ठीक, मऊसर, ओला, वासाचा आला तर कूज. ढोबळ नियम असा की, घट्ट लाकडाची भिंत त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश हवी. तुमच्या झाडाची त्रिज्या ३८ सेंमी, म्हणजे १२-१३ सेंमी. पण हा नियम नुसतं उभं राहणाऱ्या झाडासाठी आहे, वरून ओंडके आदळून घेणाऱ्या झाडासाठी नाही. एका बाजूने उघडी पोकळी असेल तर तोही लावू नये.

अशा झाडावर दोन गोष्टी बाद: बुंध्यालाच कप्पी बांधून ओंडके खाली आदळवत उतरवणं, आणि माणसाची जीवदोरी व भाराची कप्पी एकाच खोडाला लावणं. भाराची कप्पी शेजारच्या धडधाकट झाडाला मिळते का बघा. नाहीतर क्रेन.

कप्पीवाला
मान्य. भूछत्राचा मुद्दा मी सोडायला नको होता. वरचं गणित निरोगी बुंध्याला लागू, या झाडाला वरची हलकी फांदी सोडली तर नाही.

गोदाकाठ_७१
शेजारच्या प्लॉटात नारळ आहे का? नारळाला कप्पी बांधायची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच, म्हणून आधीच सांगतो. नको.

सातपूरचा_हायड्रावाला
क्रेनचं मी सांगतो. आपल्याकडे क्रेन म्हटलं की हायड्रा येतो. त्याच्यावर १२ टन, १४ टन लिहिलेलं असतं ते बूम (क्रेनचा लांबणारा हात) आखूड आणि भार अगदी नाकाशी असताना. बूम लांबवला, भार दूर गेला की क्षमता कुठल्या कुठे घसरते. केबिनमध्ये लोड चार्ट असतो. ऑपरेटरला म्हणा, "दादा, अमुक मीटर दूर आणि अमुक उंचीवर किती उचलणार?" तो चार्ट न बघता "होऊन जाईल" म्हणाला तर गाडी परत पाठवा.

झाडाच्या कामात हायड्रा गंडतो तो याच चुकांनी:
तुकडा हुकला बांधला पण दोर सैल राहिला. कापल्यावर तुकडा फूटभर पडतो आणि बूमला झटका बसतो. हायड्रा झटक्यासाठी बनवलेलाच नाही. कापायच्या आधी दोर ताठ हवा, पण जास्त ताठही नको, नाहीतर काप पूर्ण व्हायच्या आत फांदी चिरफाळते आणि वर उसळते.
स्लिंग गुरुत्वमध्याच्या खाली बांधली. तुकडा हवेत उलटा होतो. शंका असेल तर दोन स्लिंगा लावा.
हुक तिरका ओढला. बूमला आडवी ओढ चालत नाही, हुक तुकड्याच्या बरोबर वर हवा.
आणि सगळ्यात नाशिकचं म्हणजे, चाक किंवा जॅक सेप्टिक टँकच्या झाकणावर. जुन्या बंगल्यांत टाकी कुठे आहे ते मालकालाही आठवत नाही. गाडी आत घ्यायच्या आधी पहारीने ठोकून बघा आणि खाली जाड फळ्या टाका.

चढायला माणूस नको असेल तर बूम लिफ्ट मागवा, कारखान्यांत शेडच्या कामाला वापरतात ती. बास्केटमधल्या माणसाचा पट्टा बास्केटला, झाडाला नाही.

दोरखंड
दोराबद्दल कुणी बोललं नाही. बाजारात पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर मिळतो, पॉलिप्रोपिलीनचा. ट्रकवर माल बांधायला चांगला. भार उतरवायला वापरू नये, कारण तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो. खोडाला वेढा देऊन भार वेगाने सोडला की घासून तेवढी उष्णता सहज होते. आधी चकाकी येते, मग कडक होतो, आणि पुढच्या ओंडक्याला तिथेच तुटतो. उन्हानेही लवकर कुजतो. पॉलिएस्टर २५० अंशांच्या वर वितळतो आणि लांबतोही कमी, म्हणून दुहेरी विणीचा १६ मिमी पॉलिएस्टर घ्यावा. त्याची तुटण्याची मर्यादा कंपनीनुसार ६-७ टनांच्या आसपास असते. लेबल बघून घ्या. त्याचा दहावा भाग हा कामाचा भार, म्हणजे ६००-७०० किलो. गाठीने तिसरा हिस्सा ताकद जाते, ती या दहाव्या भागात धरलेली आहे.

इंदिरानगर_बाग
नायलॉनचा दोर ताणतो म्हणून धक्का गिळतो ना? मग तो का नको? आमच्याकडचे लोक नायलॉनच वापरतात.

दोरखंड
धक्का गिळतो हे खरं. पण तो ताण परत सोडतो आणि तुकडा वर-खाली नाचतो. घरापासून चार मीटरवर नाचणारा ओंडका म्हणजे खिडकीची काच. उघड्या मैदानात नायलॉन चालेल. घराशेजारी दोर कमी ताणणारा घ्या आणि धक्का माणसाने ढील देऊन मारावा. शिवाय नायलॉन पाण्यात ताकद गमावतो.

कप्पीवाला
ढील कशी द्यायची ते लिहितो, कारण जमिनीवरची बरीच इजा इथेच होते.

दोर हाताने धरायचा नाही, वेढ्यांनी धरायचा. घर्षण ०.२५ धरलं तर एका पूर्ण वेढ्याने हातातली ओढ जवळपास पाचव्या हिश्शावर येते, दोन वेढ्यांनी तेविसाव्या, तीन वेढ्यांनी शंभराव्याच्याही खाली. १०० किलोला दोन वेढे पुरतात, हातात चार-पाच किलो येतं. चौथा वेढा दिला तर दोर सरकणारच नाही, आणि न सरकणारा दोर म्हणजे गपकन थांबणं. कमी वेढ्यांनी तळहात भाजतो, जास्त वेढ्यांनी झाडाला झटका बसतो. पहिला तुकडा मुद्दाम छोटा घ्यायचा तो वेढे ठरवण्यासाठी.

खडबडीत सालीवर वेढे दिले तर दोर अडकत-अडकत सुटतो. पोर्टा रॅप (बुंध्याला बांधून दोराचे वेढे घ्यायचं धातूचं साधन) किंवा लोखंडी बोलार्ड (वेढे घ्यायचा खुंटा) असेल तर सरळ जातो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाइप वेल्ड करून बोलार्ड बनवून घेणारे आहेत. चालेल, पण वेल्डचा प्रत्येक मणी घासून गुळगुळीत हवा, आणि कामाच्या भाराच्या दुप्पट वजन चेन ब्लॉकने लावून आधी जमिनीवर तपासलेला हवा.

दोरवाल्याने उभं राहायचं बुंध्याच्या मागे किंवा बाजूला, दोराच्या रेषेत नाही. उरलेला दोर बादलीत किंवा पिशवीत, पायाशी वेटोळं नाही. हाताला दोर गुंडाळायचा नाही. हातमोजे चामड्याचे आणि अंगासरशी. गळ्यात गमछा नको, तो वेढ्यात गेला की माणूस सोबत जातो.

शिट्टी
आता माणसांबद्दल. पाच म्हणतोय ते ठीक आहे, पण पाच कोण ते विचारा:
१. वर कापणारा.
२. खाली दोरवाला. जमिनीवरचा हुकूम त्याचाच.
३. दिशादोरवाला. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाची बारीक दोरी धरून तो भिंतीपासून दूर ठेवतो.
४. फांद्या ओढणारा आणि कापणारा. दोरवाल्याने "या" म्हटल्याशिवाय पडण्याच्या जागेत पाऊल नाही.
५. रस्त्यावरचा. शाळेची पोरं आणि स्कूटरवाले अडवणं एवढंच काम. मोबाइल खिशात.
यातला एक जण खालून वर चढून बेशुद्ध माणसाला उतरवू शकणारा हवा, त्याचा स्वतःचा हार्नेस आणि दोर जमिनीवर तयार पडलेला. अग्निशमन दलाची वाट बघत दोरीला लटकलेला माणूस फार वेळ टिकत नाही.

हुकूम ठरवून घ्या. "सोड" आणि "ओढ" हे दोन शब्द कामातून हद्दपार करा. मशीनच्या आवाजात बारा मीटरवरून दोन्हीत फक्त "ओ" ऐकू येतो आणि अर्थ बरोबर उलटे. त्याऐवजी "ढील", "खेच" आणि "थांब". क्रम असा: वरचा म्हणतो "तयार?" दोरवाला ढिलाई काढून घेतो, खालची जागा नजरेने तपासतो आणि म्हणतो "तयार!" वरचा म्हणतो "कापतो". उत्तर आलं नाही तर काप नाही. गप्प राहणं म्हणजे होकार नाही. "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतो, मालकीणबाईसुद्धा, आणि त्याला वाद नाही. आवाज पोचत नसेल तर एक लांब शिट्टी म्हणजे थांब. हेल्मेटमधले ब्लूटूथ संच आता परवडतात, पण शिट्टी गळ्यात असावीच.

महात्मानगरकर
खूप उपयोगी. गच्चीवरच्या फांदीचं काय? ती जवळजवळ आडवी आहे, लांबी ६-७ मीटर, बुडाशी ३५ सेंमी.

कप्पीवाला
बुडाशी मीटरला ९६ किलो, शेंड्याकडे निमुळती. पानांसकट सगळी मिळून ४०० च्या आसपास जाईल. एकदम नाही उतरवायची. शेंड्याकडून मीटर-दीड मीटरचे हाताने धरता येतील असे तुकडे आधी, मग उरलेला जाड भाग दोरावर.

बुडाकडे दोर बांधला तर कापल्यावर शेंडा खाली जातो, थेट सोलरवर. शेंड्याकडे बांधला तर बूड खाली जातं आणि खोडावर आपटतं. गच्चीच्या वरून न्यायची असेल तर दोन दोर: भाराचा दोर मध्याच्या किंचित शेंड्याकडे, म्हणजे बूड हळू खाली येईल, आणि दुसरा दिशादोर बुडाला, घरापासून दूर ओढणारा. कप्पी शक्य तितकी फांदीच्या वर आणि उंच. कप्पी बाजूला असली की तुकडा सुटताच झोपाळ्यासारखा भिंतीवर येतो. आणि तुमच्या बुंध्यात कूज आहे हे धरून, या फांदीला मी तरी हायड्रा लावीन.

वाटसरू_पंचवटी
काप कसा घ्यायचा तेही लिहा. खालून एक तृतीयांश आधी कापलं नाही तर फांदी खोडाची साल बुडापर्यंत सोलत नेते. सुबाभूळ आणि निलगिरी वाकलेली असतील तर उभी फाटतात आणि अर्धा फाटा कापणाऱ्याच्या छातीवर येतो. तिथे कापाच्या वर साखळी किंवा रॅचेट पट्टा आवळून बांधतात. गुलमोहर वेगळाच, तो इशारा न देता तुटतो, बिजागरीचं लाकूड (फांदी वळावी म्हणून न कापता ठेवलेली पट्टी) धरतच नाही, त्यामुळे गुलमोहराच्या फांदीला कापाच्या भरवशावर वळवायचं नाही.

कप्पीवाला
बरोबर. वर बसलेल्याला मशीन चालवताना दोन बंध: जीवदोरी आणि कमरेचा तारेचा गाभा असलेला पट्टा. एकच दोर असेल आणि चेन त्याला लागली तर संपलं. भाराचा दोर आणि जीवदोरी एकमेकांना ओलांडत नाहीत हे प्रत्येक कापाआधी बघायचं.

लाईनमन_नाही
तारांचं कुणी गंभीरपणे घेतलं नाही. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन ठरावीक वेळेसाठी पुरवठा बंद करून घ्या. "फोन करून सांगितलंय" हे चालत नाही. बंद झाल्यावर त्यांच्या माणसाने तपासून अर्थिंग रॉड लावला की मगच काम. कारण आजूबाजूच्या घरांत इन्व्हर्टर, जनरेटर, छतावरचं सौर असतं, चुकीच्या जोडणीतून बंद लाईनमध्ये उलटा प्रवाह येतो. ओला दोर वीज वाहतो. तुमच्या घराची सर्व्हिस वायरही आदल्या दिवशी बघा, ती बऱ्याचदा फांदीतूनच गेलेली असते. आणि ठरलेली वेळ संपत आली म्हणून घाईने शेवटची फांदी कापू नका. पुन्हा अर्ज करा.

नीलपर्ण
काही राहिलेलं:
परवानगीपत्रावरची मुदत आणि झाडाचं वर्णन जुळतंय ना बघा, प्रत कामाच्या जागी ठेवा. शेजारी हमखास फोन करतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज धरलं. बदली झाडं किती लावायची तेही पत्रात असतं.
फांद्यांत आग्या मोहोळ आहे का, ते आदल्या दिवशी दुर्बिणीने बघा. मशीनच्या थरथरीने ते उठलं तर वरच्या माणसाला पळायला जागा नसते.
पावसाळ्यात पर्जन्यवृक्षावर बगळ्यांची घरटी असतात. जमलं तर फेब्रुवारी-मार्च धरा, तेव्हा पानगळ होते, वजन उतरतं आणि दिसतंही स्वच्छ. मे महिन्यातल्या वळवाच्या दुपारी नकोच.

इंदिरानगर_बाग
खर्चाचं? अडीचपट योग्य आहे का?

सातपूरचा_हायड्रावाला
त्यात काय धरलंय ते विचारा. कामगार भरपाईचा विमा, लाकूड उचलणं, हायड्राचे तास, सोलर आणि टाकी झाकायला टायर-फळ्या. हे सगळं आत असेल तर महाग नाही. लाकूड आमचंच म्हणून भाव कमी करतो म्हणाला तर वजन आधी काढा, पर्जन्यवृक्षाला सरपणाचाच भाव येतो.

महात्मानगरकर
दुसऱ्याला बोलावून हेच प्रश्न विचारले. वजनाचा अंदाज बरोबर दिला, भूछत्र दाखवल्यावर स्वतःच म्हणाला की बुंध्याला कप्पी बांधणार नाही, हायड्रा आणि बूम लिफ्ट लावू, एक दिवस कमी होईल. दोर पॉलिएस्टरचा आहे, लेबल दाखवलं. बुंध्याचं काय करायचं, मुळासकट काढू का?

नीलपर्ण
नको. जमिनीपासून १०-१५ सेंमीवर कापून ठेवा, कूज आहेच, तो आपोआप मऊ होईल. जेसीबीने उपटलं तर प्लिंथखालची मुळं माती सोबत ओढतात आणि पाइप तुटतात. तुमच्याकडे काळी माती आहे का? असेल तर आणखी एक. मोठं झाड रोज बरंच पाणी शोषत होतं. ते गेल्यावर माती ओल धरून फुगते, आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत फरशी किंवा भिंत किंचित उचलली जाऊ शकते. आत्ताच पश्चिमेच्या भिंतीवर ज्या चिरा आहेत त्यांच्यावर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा. छपराचं पाणी त्या कोपऱ्यात सोडू नका.

महात्मानगरकर
मुरूम आहे, वर फूटभर काळी. चिरांवर खुणा करतो. छपराचं पाइप दुसरीकडे वळवतो.